फेडलेलं घर पुन्हा तारण ठेवताना

लातूरला बँकेच्या कर्ज विभागात माझी बावीस वर्षं गेली. घराचं कर्ज फिटलं की माणसं पेढे घेऊन यायची. त्यातलीच काही वर्ष-दीड वर्षात परत यायची, यावेळी मुलाला सोबत घेऊन. "साहेब, घर नुसतंच उभं हाय. त्याच्यावर काही उचलता येतंय का बघा की. पोरगा म्हणायलाय, शेअरमधी टाकू." शेअरच्या जागी कधी बिडकीनकडचा प्लॉट असायचा, कधी क्लासच्या मुलांसाठी बांधायच्या खोल्या, तर कधी सोयाबीन भरून ठेवायचा बेत.

बँक याला मालमत्ता तारण कर्ज म्हणते, आपल्याकडं बोलताना सगळे 'मॉर्गेज' म्हणतात. घर तुमच्याच नावावर राहतं, तुम्ही त्यातच राहता, फक्त मूळ कागद बँकेच्या तिजोरीत जातात आणि घरावर बोजा चढतो. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी सगळा क्रम सांगतो. मात्र सुरुवात बँकेतून करायची नाही, घरातल्या वहीपासून करायची.

पहिली पायरी: हप्ता कुठून येणार?

समजा २० लाख घेतले, दर १० टक्के, मुदत १५ वर्षं. महिन्याचा हप्ता ₹२१,४९२ बसतो. पंधरा वर्षांत एकूण साधारण ३८ लाख ६९ हजार भरावे लागतात, म्हणजे व्याजच १८ लाख ६९ हजार. प्रोसेसिंग फी, वकील, मुद्रांक आणि विमा हे सगळं त्यावर वेगळं.

आता मुलाला एकच प्रश्न विचारा. हा २१,४९२ चा हप्ता पगारातून, पेन्शनमधून किंवा दुकानातून भरणार, की गुंतवणुकीतून जे येईल त्यातून?

'गुंतवणुकीतून' असं उत्तर आलं तर वही मिटा. बाजार दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे देत नाही, बँकेला मात्र पाच तारखेलाच हवे असतात.

'पगारातून' असं उत्तर आलं तर दुसरा हिशोब मांडा. हा लोक कधीच मांडत नाहीत. दर महिन्याला २१,४९२ रुपये बाजूला काढायची ऐपत आहे ना? मग घर तारण न ठेवता तेवढ्याच रकमेची एसआयपी केली, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात टाकली, तर काय होईल? दोन्हीकडं महिन्याला १ टक्का परतावा धरू. कर्जाचे २० लाख एकरकमी गुंतवले तर १५ वर्षांनी साधारण १ कोटी २० लाख होतात. कर्ज न काढता तोच हप्ता एसआयपीत टाकला तर साधारण १ कोटी ७ लाख. फरक साडेबारा लाखांचा, तोही कर आणि कर्जाचा खर्च वजा करण्याआधीचा. परतावा महिन्याला पाऊण टक्का, म्हणजे वर्षाला ९ टक्क्यांच्या आसपास मिळाला, तर पारडं उलटं फिरतं. एकरकमीचे ७६ लाख ७६ हजार होतात, एसआयपीचे ८१ लाख ३३ हजार. कर्ज काढलेला साडेचार लाखांनी मागं. परतावा आणि कर्जाचा दर सारखाच असला तर दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात.

या हिशोबात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. नोकरी गेली, आजारपण आलं, दुकान बसलं, तर एसआयपी फोन करून थांबवता येते. हप्ता थांबवता येत नाही. साडेबारा लाखांच्या आशेवर घर डावाला लावायचं का, हा प्रश्न असा मांडला की घरातली बाई बहुतेक वेळा सगळ्यात आधी आणि सगळ्यात बरोबर उत्तर देते. म्हणून ही वही तिच्यासमोरच उघडा.

आणि दर बदलतो, हेही त्याच वहीत लिहा. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० वर गेला. तुमचं १० टक्क्यांचं कर्ज सुरुवातीलाच साडेबारावर गेलं तर हप्ता ₹२४,६५० होतो. वरचे तीन हजार कुठून आणणार, ते आत्ताच ठरवा.

दुसरी पायरी: पैसा कुठं घालायचा ते आधी, कर्ज नंतर

आमच्याकडं लोक उलटं करतात. कर्ज मंजूर होतं, पैसे खात्यात येतात आणि मग 'आता कुठं टाकू' म्हणून विचारत फिरतात. असा माणूस गावातल्या प्रत्येक एजंटाला लांबूनच ओळखू येतो.

शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांचं वर सांगितलंच. त्यात एक भर. कर्जाच्या कागदावर 'सट्ट्यासाठी वापरणार नाही' असं तुमच्याकडून लिहून घेतात. घरावरचं टॉप-अप कर्ज, म्हणजे चालू गृहकर्जावर वरून घेतलेली रक्कम, सट्ट्याकडं जातंय, याची चिंता रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीरपणे बोलून दाखवली होती. शेअर बाजारातल्या 'ऑप्शन'च्या सट्ट्यात टाकायला घर तारण ठेवणाऱ्याशी मी वाद घालत नसे. सरळ नाही म्हणायचो.

प्लॉट हा आपल्या भागाचा लाडका विषय. समृद्धी महामार्ग जालना आणि संभाजीनगरातून गेला, शेंद्रा-बिडकीनला ऑरिक हे औद्योगिक शहर उभं राहिलं, २०२४ मध्ये टोयोटा-किर्लोस्करचा प्रकल्प जाहीर झाला. तेव्हापासून त्या रस्त्याला पाट्यांची शेती चालू आहे. प्लॉटचं दुखणं असं की तो महिन्याला एक रुपयाही देत नाही आणि हवा तेव्हा विकला जात नाही, हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून चालू होतो. त्यातही एनए, म्हणजे बिगरशेती, नसलेल्या जमिनीत दोन गुंठे घेऊन सातबाऱ्यावर दहा जणांच्या सामाईक नावात आपलं नाव घालून घेतलं असेल, तर त्याला गुंतवणूक म्हणू नका. अशा प्लॉटसाठी कर्जावर व्याज भरणारी माणसं मी पाहिली आहेत. तो प्लॉट उद्या त्यांना स्वतःला तारण ठेवायचा म्हटलं तर कुठलीच बँक घेत नाही.

लातूरला खोल्या बांधून नीट-जेईईच्या मुलांना भाड्यानं देणं हा त्यातल्या त्यात समजायला सोपा धंदा. पण वहीत खरे आकडे लिहा. चार खोल्या, प्रत्येकी सहा हजार, म्हणजे महिन्याला चोवीस हजार. हे बारा महिने मिळत नाही. परीक्षा झाल्या की मुलं गावाकडं जातात आणि नवी बॅच येईपर्यंत खोल्या रिकाम्या. दहाच महिने धरले तर महिन्याची सरासरी वीस हजारांवर येते, म्हणजे हप्त्यापेक्षा दीड हजार कमी. लाईट, रंगरंगोटी, घरपट्टी अजून धरलेलीच नाही. उन्हाळ्यातला टँकर विसरू नका. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते हेच शहर. तरीही पगारातून पाच-सात हजारांची भर घालायची तयारी असेल, तर हा व्यवहार टिकतो. कर फेडण्याच्या दृष्टीनंही तो बरा. कर्जाचं नाव काय यापेक्षा पैसा कुठं वापरला हे आयकर खातं बघतं, आणि भाड्यानं दिलेलं बांधकाम त्याच पैशातून झालं असेल तर भाड्याच्या उत्पन्नातून व्याज वजा मागता येतं. त्यासाठी सिमेंट-लोखंडाची बिलं आणि मिस्त्रीला बँकेतून दिलेले पैसे यांचा कागद सांभाळावा लागतो. शेअरचं तसं नाही. वर्षाला सव्वा लाखावरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो आणि घरावरच्या कर्जाचं व्याज त्यातून सहसा वजा मिळत नाही. कर्ज काढण्याआधी सीएला एकदा विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो.

राहिल्या पतसंस्था आणि मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्था. 'बँक दहा टक्क्यांनी देते, मल्टिस्टेट तेरानं घेते, मधले तीन टक्के आपले' हे गणित मला एका निवृत्त मास्तरांनी फार आनंदानं समजावून सांगितलं होतं. बीड, जालना, संभाजीनगर या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत ठेवी अडकलेल्या लोकांच्या रांगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही.

तिसरी पायरी: घराचे कागद

खरी दमछाक इथं होते. 'कर्ज फिटलंय म्हणजे कागद स्वच्छ आहेत' असं कुणी धरून चालू नये.

आधी जुन्या कर्जाचं निपटून घ्या. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला आणि सगळे मूळ दस्त परत घेतले का? दुय्यम निबंधकाकडची तारणाची नोंद सोडवली का? मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर जुना बोजा अजून दिसतोय का? सरसाय नावाच्या केंद्रीय नोंदणीतही जुनं तारण उघडंच राहिलेलं असतं. नवी बँक तिथं बघतेच आणि फाईल महिनाभर अडकते.

मग खरेदीखत, सूची क्रमांक दोन, तुमच्या आधीच्या मालकांचे साखळी दस्त, मालमत्ता पत्रक म्हणजेच पीआर कार्ड, एनए आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम परवाना आणि चालू वर्षाची घरपट्टी पावती. बँकेचा वकील साधारण तीस वर्षं मागं जाऊन शोध अहवाल देतो. मराठवाड्यात तो आणखी मागं शिरला तरी नवल मानू नका. आपण निजामाच्या राज्यात होतो. कुठल्या कॉलनीची मूळ जमीन इनामी निघते, कुठं देवस्थानाची, कुठं वक्फची, आणि मग १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक काढायची वेळ येते. उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २', म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन, असं दिसलं, तर त्याचा निकाल लागेपर्यंत कुठंही फी भरू नका.

संभाजीनगरात सिडकोचं घर भाडेपट्ट्यावरचं असेल तर तारण ठेवायला सिडकोची ना हरकत लागते. गुंठेवारीतल्या घरांची वेगळी गोष्ट. शंभराच्या बाँडवर घेतलेला प्लॉट, त्यावर दोन मजले, तीस वर्षं राहणं, आणि नोंदणीकृत खरेदीखतच नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमितीकरणाचं प्रमाणपत्र घेतलेलं असेल तर काही बँका विचार करतात, नसेल तर कुणी करत नाही. गावठाणातल्या घराला पूर्वी ग्रामपंचायतीचा नमुना आठ एवढाच कागद असायचा. आता स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं मिळू लागली आहेत, तुमच्या गावचं निघालं असेल तर घेऊन ठेवा.

घर अजून वडिलांच्या नावावर आणि वडील नाहीत, ही सगळ्यात नेहमीची अडचण. सगळे वारस आधी उताऱ्यावर यावे लागतात, आणि त्यात बहिणीही आल्या. त्यांनी नोंदणीकृत हक्कसोड करून दिलं पाहिजे, नाहीतर कर्जात सहअर्जदार म्हणून सही केली पाहिजे. 'बहीण काही मागायली नाही हो' हे वकिलाला चालत नाही. आणि बहिणीची सही घेताना ती कशासाठी घेताय ते तिला नीट सांगा. रक्षाबंधनाच्या ताटात स्टॅम्पपेपर ठेवणारे भाऊ मी पाहिले आहेत.

चौथी पायरी: किती मिळेल

घराची किंमत तुम्ही ठरवत नाही, भाऊबंद ठरवत नाहीत, बँकेच्या यादीवरचा मूल्यांकक ठरवतो. परवानगी नसलेला वरचा मजला तो सहसा धरत नाही. औसा रोडला 'ऐंशी लाखाचं घर' म्हणून आलेली फाईल कागदावर पन्नासला बसली, असं कितीदा तरी झालं. त्या पन्नासवर बँका साधारण निम्म्यापासून पासष्ट टक्क्यांपर्यंत देतात, म्हणजे पंचवीस ते साडेबत्तीस लाख. वरून उत्पन्नाची चाळणी. चालू असलेले आणि नवा असे सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत बसावेत, असा बँकांचा ढोबळ हिशोब असतो. दोन्हीतली लहान रक्कम तुमची.

शेतीचं उत्पन्न दाखवायचं असेल तर सातबारा, पीकपेरा, आडतीच्या पट्ट्या आणि खात्यात जमा झालेले पैसे लागतात. रोखीतला सोयाबीनचा व्यवहार बँकेच्या लेखी झालेलाच नसतो.

सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीचे गुण, ३०० ते ९०० मध्ये असतो, अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. अर्जाआधी काढून बघा. गावातल्या कुणाला जामीन राहिला असाल आणि त्यानं थकवलं असेल, तर ते तुमच्या अहवालात दिसतं.

पाचवी पायरी: बँक निवडणं आणि कागद वाचणं

व्याजदर साधारणपणे गृहकर्जापेक्षा एक ते तीन टक्क्यांनी जास्त असतो. बँका आणि फायनान्स कंपन्या दोघांकडं चौकशी करा. कंपन्या कागदाच्या बाबतीत ढिल्या असतात आणि त्याची किंमत व्याजात वसूल करतात. बँकेचं बदलत्या दराचं किरकोळ कर्ज बाहेरच्या दराशी, बहुतेक वेळा रेपोशी जोडलेलं असतं. कंपनीचा दर तिच्या स्वतःच्या पट्टीनं चालतो, आणि ती पट्टी खाली यायला फार वेळ घेते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्यानं 'मुख्य तथ्य पत्रक' देणं बंधनकारक आहे. फी, विमा, सगळं धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात तो आकडा त्यात असतो. दोन ठिकाणची पत्रकं शेजारी ठेवा, जाहिरातीतला दर विसरा. त्यात एकरकमी हप्त्याचा जीवनविमा कर्जातच मिसळलेला असला तर 'हा काढून द्या' म्हणा. कर्जाला विम्याचं संरक्षण असणं चांगलंच, पण तो त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. शहाण्या माणसानं वेगळा टर्म विमा घ्यावा, स्वस्त पडतो.

मुदतीआधी फेडण्याचा दंडही बघा. वैयक्तिक कारणासाठी बदलत्या दरानं घेतलेल्या कर्जावर बँका तो लावू शकत नाहीत. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या, व्यक्तींनी धंद्यासाठी बदलत्या दरानं घेतलेल्या कर्जांनाही रिझर्व्ह बँकेनं ही सवलत लागू केली आहे.

आणि एक वाट पूर्ण बंद ठेवा. 'बँकेच्या कटकटी कशाला, घराचं खरेदीखत माझ्या नावानं करून द्या, पैसे फेडले की परत फिरवून देतो' म्हणणारा सावकार. ते तारण नसतं, ती विक्री असते. ज्याच्याकडं २०१४ च्या सावकारी कायद्याचा परवाना नाही त्याच्याविरुद्ध जिल्हा उपनिबंधकाकडं तक्रार करता येते, पण घर परत मिळवायला चपला झिजतात.

सहावी पायरी: तारण आणि पैसे

मंजुरीपत्रावर सही झाली की मूळ दस्त बँकेत जमा करता. त्याची सूचना तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडं नोंदवावी लागते आणि मुद्रांक शुल्क भरावं लागतं. जमा केलेल्या प्रत्येक कागदाची, पानांच्या संख्येसह, शिक्क्याची यादी घ्या. माझ्या स्वतःच्या घराच्या वेळी मीच ती घ्यायचा आळस केला होता. बँकेचाच माणूस, मला कोण फसवणार! कर्ज फिटल्यावर १९८७ चं एक साखळी खरेदीखत सापडेना. सही-शिक्क्याची नक्कल काढायला चार महिने गेले. फसवलं कुणीच नव्हतं, फक्त फाईल बदलली होती.

पैसे आले की सहा हप्त्यांएवढी रक्कम आधी वेगळ्या मुदत ठेवीत टाका. तिला हात लावायचा नाही. पैसा टप्प्याटप्प्यानंच लागणार असेल, जसं की बांधकामाला, तर मुदत कर्जाऐवजी घरावरची ओव्हरड्राफ्ट मर्यादा मिळते का विचारा. तिथं वापरलेल्या रकमेवरच व्याज लागतं.

हप्ता चुकलाच तर

लपून बसू नका, शाखेत जा. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर कोर्टाचा दावा न लावता बँक घराचा ताबा घ्यायला निघू शकते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते, आपल्या भागासाठी ते संभाजीनगरला आहे. शेतजमिनीला या कायद्यातून सूट आहे, घराला नाही. नोटीस येण्याआधी गुंतवणूक तोट्यात विकून थकबाकी भरणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं, आणि माणसं जवळजवळ नेहमीच 'अजून थोडं थांबू, भाव येईल' म्हणतात.

कर्ज फिटल्यावर

शेवटचा हप्ता गेला की तीस दिवसांत मूळ कागद परत देणं आणि नोंदी काढणं बँकेवर बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, उशीर बँकेमुळं झाला तर दर दिवसाला ₹५,००० भरपाई मागता येते. शाखेत जाताना ती शिक्क्याची यादी सोबत न्या, तिथंच टेबलावर एकेक कागद जुळवा, आणि नंतर पीआर कार्डाची ताजी नक्कल काढून त्यावरचा बोजा गेलेला दिसला की मगच फाईल कपाटात ठेवा.